बोटीचं बूड ‘पॅकेज’मध्ये रंगवून देणाऱ्यांपासून सांभाळा

४३,३०० रुपये गेले. वर बोट पुन्हा उचलायला क्रेनचे ६,५००. आकडे आधीच सांगून टाकतो, कारण बंदरावर कोणी माझे लाख गेले म्हणतंय, कोणी दहा हजार. माझा हिशेब चहाच्या टपरीवर लोकच मांडतायत.

१ जूनला मासेमारी बंद होते ती थेट ३१ जुलैपर्यंत. मे संपता संपता सगळ्यांच्या बोटी एकदम वर येतात. खलाशी गावाकडे निघालेले, पाऊस डोक्यावर, आणि बुडाला वर्षभराची कालवं-शिंपल्या चिकटलेल्या. नेमके तेव्हाच हे लोक उगवतात. पिकअप, मागे प्रेशर पंप, अंगात कुठल्याशा पेंट कंपनीचा टी-शर्ट. “नाखवा, खरवडणं, धुणं, दोन हात अँटिफाउलिंग, सगळं पॅकेजमध्ये. ३८,५००. तुम्ही फक्त ऑगस्टला बोट लोटा.” (अँटिफाउलिंग म्हणजे बुडाला शिंपल्या धरू नयेत म्हणून लावायचा रंग.) २५,००० आगाऊ मागितले, मी फोनवरून पाठवले. खात्यावर नाव भलत्याच माणसाचं आलं. विचारलं तर म्हणे मेव्हण्याचं खातं आहे. आता कोणी विचारेल, एवढे आधी दिलेतच का? अहो, आमच्याकडे इंजिनचा मेकॅनिकसुद्धा माल आणायला पैसे आधी घेतो. फुकटात कोण येतं?

आणि ही ३० फुटी फायबरची बोट. जुनी लाकडी होडी असती तर कोणाची टाप नव्हती मला फसवायची. लाकडाला चोपडायचं काजूच्या टरफलांचं तेल मी डोळे मिटून, नुसत्या वासावर ओळखतो. फायबर आल्यापासून सगळं डब्यातून येतं आणि डब्यावर छापलेलं खरं मानावं लागतं.

तो डबा. रात्री झोप लागत नाही ती त्या डब्यापायी. रंग लावायच्या सकाळी त्याच्या पोऱ्याने पाच लिटरचे दोन डबे एका हाताच्या दोन बोटांत अडकवून आणले. एक मी स्वतः बाजूला सरकवला. हलका होता! अँटिफाउलिंगमध्ये तांब्याची भुकटी असते. पाच लिटरचा चांगला डबा आठ किलोच्या आसपास भरतो, जास्तच, कमी नाही. हाताला ते कळलं होतं, पण त्याच वेळी आभाळ भरून आलं आणि तो “पावसाच्या आधी एक हात मारू” म्हणत सुटला. झाकणाची कड आधीच वाकलेली. आणि रंग ढवळलाच नाही. खऱ्या डब्यात तांबं तळाला बसलेलं असतं, काठीने घोटून घोटून वर आणावं लागतं, हात भरून येतो. याने झाकण काढलं आणि सरळ रोलर बुडवला. पातळ, पाण्यासारखा. मी तिथे उभा होतो!

लाल दिसला म्हणून गप्प बसलो. खऱ्या मालातलं तांब्याचं ऑक्साइडही विटकरी लाल आणि लोखंडाच्या गेटाला लावतात तो रेड ऑक्साइडही तसाच. थिनर ओतलेला रेड ऑक्साइड होता तो, दुसरं काही नाही. दिसायला काडीचा फरक नाही, आणि फरक पडतो तो बोट पाण्यात गेल्यावर. दोन महिने ती ओंडक्यांवर ताडपत्रीखाली. तोवर हा पसार. सगळी मेख तिथेच आहे. म्हणून सांगतो, डबा तुमचा तुम्ही दुकानातून आणा, पक्क्या बिलावर, आणि झाकण तुमच्यासमोर फुटू द्या.

मध्येच “प्रायमर वेगळा पडतो” म्हणून ४,८०० काढले. उरलेले १३,५०० काम संपल्यावर. बिल? “पाठवतो नाखवा, व्हॉट्सॲपवर.” अजून पाठवतोय.

खरवडणंही असंच. बोट वर आली की ओल आहे तोवर खरवडावी लागते, मग शिंपल्या पटापट सुटतात. वाळल्या की त्यांचं बूड सिमेंटसारखं धरतं. यांनी वाळू दिल्या आणि मग ग्राइंडर फिरवला. फायबरवरचा गुळगुळीत थर जागोजागी उडाला, काही ठिकाणी आतली जाळी दिसायला लागली, आणि तरी शिंपल्यांची पांढरी गोल कडी तशीच राहिली. त्यावर रंग. ग्राइंडर दिसला की तिथल्या तिथे काम थांबवा, भांडण झालं तरी चालेल.

ऑगस्टमध्ये बोट उतरवली. गणपती झाले तोवर वेग पडला, डिझेल जास्त जायला लागलं. इंजिनवाल्याला उगाच शिव्या घातल्या. दिवाळीआधी उचलली तर बुडाला बोटभर थर. फोन लावला, नंबर बंद.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, “काम केलंय ना त्याने? आवडलं नाही एवढंच. ही दिवाणी बाब.” अहो, डब्यात दुसराच माल भरून विकणं म्हणजे फसवणूक नाही तर काय? पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढं मलाही माहीत आहे. साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणे पैसे तुम्हीच राजीखुशीने पाठवलेत ना, ठाण्यात जा. ठाणं म्हणतं १९३० ला लावा. पेंट कंपनीला डब्याचा बॅच नंबर हवा, डबे तो जाताना घेऊन गेला. (रिकामे डबे कधीच देऊ नका, त्यातच पुढच्या गिऱ्हाइकाचा माल भरतात.) परवाना देणाऱ्या ऑफिसात सांगितलं, रंगकाम आमच्या अखत्यारीत येत नाही. बोटीवर नंबर नीट रंगवला नसेल तर मात्र अखत्यारीत येतं!

ग्राहक आयोगात तर खिडकीवरच्याने हद्द केली. बोट धंद्याची, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही म्हणे. धादांत खोटं. २०१९ च्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय, स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. पाच लाखांपर्यंत फीही नाही. मी कलम दोनची प्रत काढून नेली, तेव्हा तक्रार घेतली. तारीख पडली आहे. समोरच्याचा पत्ता आणा म्हणतात. पत्ता असता तर मी आयोगाकडे कशाला गेलो असतो?

तुमच्या बंदरावर कोणाला असाच ‘मेव्हण्याच्या खात्या’चा अनुभव आला असेल तर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तुमच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. लाज वाटून गप्प बसलेले आमच्याच बंदरावर आणखी आहेत, मला नावं माहीत आहेत. दोघांच्या बोटींच्या बुडाला तर माझ्या बोटीसारखाच लाल रंग लागलाय.