मणक्याच्या गादीत काय भरावं: फायब्रिन की हायड्रोजेल?

झिजलेल्या किंवा चिरलेल्या गादीमुळे होणाऱ्या पाठदुखीत गोळ्या-व्यायामाने भागत नाही, तेव्हा हा पेच पडतो. फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही रक्त गोठवणारी प्रथिनं गादीत एकत्र आले की रक्ताच्या गुठळीसारखं फायब्रिन धरतं. कड्यातली, म्हणजे गादीच्या बाहेरच्या चिवट वेढ्यातली, चीर बुजते; पण ते काही आठवड्यांत विरघळतं आणि भार पेलत नाही. कृत्रिम हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल, टिकतं. काही प्रकार गरम, पातळ सोडतात. आत निवून ते आळतात, पोकळी भरतात. मात्र कडं फाटकं असेल तर जेल बाहेर सरकून नसेवर दाबू शकतं.

सुईही निरुपद्रवी नाही. तपासणीसाठी टोचलेल्या गाद्या ७ ते १० वर्षांनी अधिक झिजलेल्या आढळल्या (२००९ चा अभ्यास). जेल घट्ट, तितकी सुई जाड.

चीर हेच दुखणं आणि गादीची उंची शाबूत, तर फायब्रिनचा विचार. उंची थोडी घटलेली, कडं धड, तर हायड्रोजेल. लघवीवरचा ताबा सुटत असेल तर दोन्ही नाही, थेट सर्जन.