ओपिनेल नंबर ८: वावरात वापरायचा घडीचा चाकू

वावरात खिशातल्या चाकूला दिवसभर जी कामं पडतात ती बारीकच असतात. बारदान्याची सुतळी कापणं, खताच्या कट्ट्याचं तोंड उघडणं, ठिबकची १६ मिमीची नळी कापणं, खुंट्याला आवळून बसलेलं दावं सोडवणं, दुपारी बांधावर बसून काकडी चिरणं. सोयाबीन सोंगायला विळा आहे, फांदी तोडायला कुऱ्हाड आहे, त्यांचं काम चाकूकडून करून घ्यायचं नसतं. म्हणून चाकू निवडताना पातं किती जाड आहे याचं कौतुक नको, किती पातळ आहे ते पाहा. तीन-साडेतीन मिमी जाडीचं पातं दिसायला दणकट असतं, पण काकडीत शिरलं की ती चिरत नाही, फाकते. ओपिनेल नंबर ८ चं पातं पावणेदोन मिमीच्याही आत आहे. धार सारखी असेल तर सुतळी, नळी आणि फळ या तिन्ही कामांत ते जाड पात्याच्या पुढेच राहतं, आणि या चाकूची खरी किंमत त्यातच आहे.

हा फ्रान्सच्या सावोय या डोंगराळ भागातला चाकू. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो तिथल्या शेतकऱ्यांसाठी घडवला आणि रचना आजही जवळपास तीच आहे. एकूण भाग पाच: पातं, बीच लाकडाची मूठ, बिजागरीची रिवेट, तिच्यावरची घट्ट बसवलेली पट्टी आणि त्या पट्टीवर फिरणारी कडी. पातं साडेआठ सेंमी, मिटल्यावर चाकू ११ सेंमी, वजन ५० ग्रॅमच्या आसपास. खिशात आहे हे विसरायला होतं.

पातं पूर्ण उघडायचं आणि कडी अंगठ्याने फिरवायची. कडीला एक उभी चीर असते; तिचं तोंड बाजूला सरकलं की पातं मिटू शकत नाही. ही कडी १९५५ मध्ये आली. २००० पासूनच्या चाकूंत ती मिटलेल्या पात्यालाही अडवते, त्यामुळे खिशात तो आपोआप उघडत नाही. कडीच्या चिरेची कड थोडी तिरपी असते. वापराने सैलपणा आला तर कडी आणखी थोडी फिरवायची, पातं पुन्हा कसतं. बाजारातल्या अनेक चाकूंचा खटका एकदा झिजला की चाकू भंगारात जातो, तो प्रश्न इथे बरीच वर्षं येत नाही.

पोलाद दोन प्रकारचं मिळतं आणि पात्यावर तसा शिक्का असतो: कार्बोन (कार्बन पोलाद) किंवा इनॉक्स (म्हणजे स्टेनलेस). कार्बन पोलादाला धार लवकर चढते, तीही छान चढते. पण संत्रा कापून पातं तसंच मिटलं तर तासाभरात काळे डाग पडतात, आणि आंबट फळाच्या फोडीला लोखंडाची चव येते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट, अंगाला घाम, खिसा कायम ओला. अशात कार्बनचं पातं दोन दिवस पुसलं नाही की बिजागरीजवळ तांबूस गंज धरतो, आणि तिथे फडकं पोचत नाही. इनॉक्समध्ये सुमारे १४ टक्के क्रोमियम आहे. गंज त्यालाही येऊ शकतो, पण तुम्ही बऱ्यापैकी हयगय केली तरच. रोज संध्याकाळी चाकू पुसून तेलाचा हात फिरवायची सवय असेल तर कार्बन घ्या, नाहीतर सरळ इनॉक्स.

आता दोष. मूठ लाकडाची आहे आणि लाकूड पाण्याने फुगतं. झडीत दिवसभर ओल्या खिशात राहिला की मुठीची खाच आवळते आणि पातं नखाने निघतच नाही. पक्कड लावून ओढू नका, पात्याला चरे पडतात आणि हात घसरला तर बोट जातं. कडी मोकळी करा, मूठ धरा आणि तिचं मागचं टोक लाकडी ओंडक्यावर नाहीतर बंडीच्या साट्यावर ठोका. झटक्याने पातं थोडं बाहेर येतं, मग नख लागतं. सावोयमधले लोकही असंच करतात.

कायमचा इलाज मृग लागायच्या आधी, मे महिन्यातच करून ठेवावा. धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळा. कडी सर्क्लिप प्लायरने थोडी फाकवून काढा. ती चटकन उडते, म्हणून वर फडकं धरा. जाड पुठ्ठ्याभोवती २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या दोन्ही भिंती आतून हलक्या घासा. पातं कोरडेपणी सहज आत-बाहेर झालं की थांबा, जास्त घासलं तर ते डुलतं. मुठीवरचं वॉर्निश १२० आणि मग २२० ने उतरवा. वॉर्निश असेल तर तेल लाकडात जिरत नाही, वरच राहतं. नंतर जवसाचं तेल लावा, खाचेत काडीला कापूस गुंडाळून पोचवा. २० मिनिटांनी जादाचं तेल पुसा, एक दिवस वाळू द्या. असे तीन-चार हात. घाणीचं कच्चं जवस तेल चालतं, पण प्रत्येक हात वाळायला कितीतरी दिवस लागतात. पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल लवकर वाळतं. त्यात सुकवणारी द्रव्यं असतात, म्हणून ते मुठीलाच लावायचं, पात्याला नाही. फल्ली तेल मुठीला लावू नका. ते वाळून कडक होत नाही, खवट होतं आणि धूळ धरतं.

तेलाच्या फडक्याबद्दल मात्र गंभीरपणे सांगायला हवं. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आत उष्णता साठून तो आपोआप पेट घेऊ शकतो, आणि शेजारी कापसाची गंजी असेल तर काय होईल ते सांगायला नको. फडकं पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर सपाट पसरून पूर्ण वाळू द्या, मगच फेका.

काळ्या मातीचा त्रास वेगळा. ओली माती कडीखाली गेली आणि वाळली की कडी फिरत नाही. जोर लावू नका, बारीक खडा पट्टीवर ओरखडे पाडतो. कडीपुरतं पाणी घालून जुन्या टूथब्रशने घासा, लगेच पुसा, उन्हात तासभर उघडा ठेवा. बिजागरीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खाण्याचं तेल तिथे चिकट होऊन बसतं. पात्याला खोबरेल चालतं, फळ कापायचं असलं तरी अडचण नाही.

पातळ पात्याची मर्यादाही ओळखा. डब्याचं झाकण उचकटणं, खिळा काढणं, फांदीत पातं घालून मूठ पिळणं, यांत टोक तुटतं नाहीतर धारेचा तुकडा उडतो. कट्ट्याला साखळी टाका असेल तर चाकू काढूच नका. योग्य टोकाचा दोरा सोडवून ओढला की पूर्ण शिवण निघते आणि कट्टाही वाया जात नाही. ठिबकची नळी कापताना दाबून चेचू नका. पातं काटकोनात ठेवून नळी गोल फिरवा. तिरका काप राहिला तर जोडणी नीट बसत नाही आणि तिथून पाणी झिरपतं.

धार लावायला मशीनवाल्याकडे देऊ नका. फिरत्या सानेवर इतकं पातळ पातं क्षणात तापतं, धारेला निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलंच समजा. मग कितीही घासा, धार दोन दिवस टिकत नाही. घरीच करा. किराणा-हार्डवेअरच्या दुकानातला एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक असा दगड पुरतो, १००० नंबरचा मिळाला तर अधिक चांगला. पात्याची पाठ दगडापासून सुमारे ६ मिमी वर, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षा जरा कमी. एवढ्याने कोन २० अंशांच्या आसपास येतो. एका बाजूने मुळापासून टोकापर्यंत घासत राहा, जोवर उलट बाजूला बोट आडवं फिरवल्यावर पूर्ण लांबीत खरखर लागत नाही. बहुतेकांची धार येत नाही ती इथेच: खरखर येण्याआधीच बाजू बदलतात. मग दुसरी बाजू तशीच, शेवटी एकेक हलका फेर आणि जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-पंधरा वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला गेला की झालं.

उघडायला दोन हात लागतात, हा या चाकूचा मोठा तोटा. एका हातात गोऱ्ह्याचा कासरा असेल तर तो निरुपयोगी आहे. ज्यांचं काम ढोरांचंच आहे त्यांनी अंगठ्याने उघडणारा, सलग धारेचा, आत पट्टीचा खटका असलेला चाकू घ्यावा. घेताना पातं उघडून पाठीवर तळव्याने दाब द्या, बोटं पात्याच्या वाटेत नकोत; पट्टी सरकली तर दुकानातच परत करा. आठवडी बाजारातले काळ्या रंगाचे, अर्धे दातेरी चाकू टाळाच. दातेरी भाग साध्या दगडावर लावता येत नाही, आणि बटण दाबून उसळणारे चाकू पाहणाऱ्याला हत्यारच वाटतात.

वरुड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रा बागायतदारांना व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा ‘फार्मर’ हा घडीचा चाकू जास्त उपयोगी पडेल. अॅल्युमिनियमची मूठ पावसाने फुगत नाही आणि सल काढायला त्यात छोटी करवत आहे. त्याच्या पात्याला खटका नाही, म्हणून टोचण्याच्या कामाला तो वापरू नये. बागेत कोणताही चाकू असो, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं निर्जंतुक करा. एक्झोकॉर्टिससारखा संत्रावर्गीय झाडांचा रोग कापणाऱ्या अवजारातून पसरतो आणि त्याला स्पिरिट पुरत नाही. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण लागतं. नंतर पातं साध्या पाण्याने धुऊन तेल लावा, कारण ब्लीच इनॉक्सलाही खातं. ओपिनेल असेल तर फक्त पातं बुडवा, लाकूड आणि कडी कोरडी ठेवा.

कायद्याचं थोडक्यात: शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं परवान्याच्या कक्षेत येतात, शेती आणि घरकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. साडेआठ सेंमीचा प्रश्न येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघाला असेल तर चाकू बाळगण्यावरही बंदी येते. मिरवणुकीला, मतदानाला, सभेला जाताना तो घरी ठेवा. विमानात सोबतच्या बॅगेत चालत नाही.

हात लहान असेल किंवा फळांपुरताच हवा असेल तर ८ सेंमी पात्याचा नंबर ७ घ्या. १० सेंमीचा नंबर १० स्वयंपाकघरात शोभतो, सदऱ्याच्या खिशातून मात्र डोकावतो. क्लिप यांना नसते, आणि वाकून निंदताना चाकू खिशातून घसरतो. पिवळट मूठ वाळल्या पाल्यात पडली की समोर असून दिसत नाही. मुठीच्या टोकापासून एक सेंमी आत, खाच संपते त्याच्या मागे, ३ मिमीचं भोक पाडा. आधी बारीक ड्रिलने, मग मोठ्याने, नाहीतर लाकूड चिरतं. भोकाला आतून तेल लावा आणि त्यात वीतभर लाल नाडा ओवून खिशाबाहेर लोंबता ठेवा.