फक्कीचे तीन पट्टे: जळगावातील एका मोटरसायकल प्रशिक्षण वर्गाचा अनुभव

माझ्याकडे विनागिअर स्कूटरचे लायसन्स पंधरा वर्षांपासून होते. मात्र माझी शाळा विदगावमार्गे चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तापीच्या पलीकडे असल्यामुळे आणि घरातील मोटरसायकल नुसती उभी राहत असल्यामुळे, गिअरच्या दुचाकीचा वर्ग लायसन्सवर चढवून घेण्याचे मी या उन्हाळ्यात ठरवले. त्यासाठी जळगाव शहरातील एका प्रशिक्षण वर्गात दहा दिवसांची शिकवणी लावली. शुल्क अडीच हजार रुपये होते. पुढे थोडी तक्रारही करायची आहे, म्हणून वर्गाचे नाव लिहीत नाही.

आपल्याकडे दुचाकीची शिकवणी म्हणजे आठचा आकडा, असे समीकरण झाले आहे. मैदानात आठचा आकडा काढताना पाय जमिनीला लागला नाही की विद्यार्थी तयार झाला, असे शिकवणाराही मानतो आणि शिकणाराही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ वाचला तर मात्र यादी बरीच लांब दिसते: डावी आणि उजवी वळणे योग्य रीतीने व सावधपणे घेणे, पुढच्या वाहनाला ओलांडणे, मागच्याला ओलांडू देणे, समोरून येणाऱ्याला सामोरे जाणे, योग्य वेळी योग्य इशारा देणे. यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट शेवटी एकाच प्रश्नावर येते, तो म्हणजे त्या क्षणी आपले चाक रस्त्यावर नेमके कुठे असायला हवे. हा प्रश्न या वर्गात तिसऱ्या दिवसापासून शिकवला जातो, आणि माझ्या मते शुल्काची खरी वसुली तिथेच होते.

पहिल्या दोन दिवसांत क्लच आणि गिअर उरकले. तिसऱ्या दिवशी सर आम्हाला शहराबाहेरच्या एका रिकाम्या ले-आउटमध्ये घेऊन गेले. तिथला डांबरी रस्ता तयार होता. घरे अजून व्हायची होती. पोत्यातून आणलेली फक्की, म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड, त्यांनी वाकून, हातानेच, रस्त्यावर ओतत नेली आणि डाव्या बाजूच्या साडेतीन मीटर रुंदीचे तीन पट्टे पाडले. डावा, मधला, उजवा. आम्ही ओळीने निघायचे, सर ज्या पट्ट्याचे नाव घेतील त्यात सरकायचे आणि टोकाला जाऊन थांबायचे. तिथे ते खाली बसून टायर पाहत. रेघेवरून गेलेले चाक पांढरे होत असल्यामुळे वाद घालायला जागाच उरत नसे. पहिल्या फेरीत माझे पुढचे टायर पिठात लोळवल्यासारखे निघाले. स्कूटरवर इतकी वर्षे घालवूनही मी सरळ रेषेत जात नव्हते, हे मला त्या दिवशी कळले.

पट्टा कोणता आणि का, हे समजावताना सर एकदाही घाई करत नसत. अगदी डाव्या कडेला वाळू असते, साइडपट्टी खचलेली असते, उभ्या गाडीचा दरवाजा उघडतो, आणि बैलगाडीच्या आडून शेळी किंवा पोर बाहेर येते. शिवाय कडेला चिकटलेल्या दुचाकीला मागचा जीपवाला हिशेबातच धरत नाही. सिग्नलजवळ मधल्या पट्ट्यात ट्रक-टेम्पोंचे तेल ठिबकून बसलेले असते, म्हणून थांबरेषेपाशी पाय टेकायचा तर त्या काळ्या पट्टीच्या एका बाजूला टेकायचा. उजव्या पट्ट्यातून पुढचे लांबवर दिसते आणि समोरच्यालाही आपण दिसतो, पण दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून एसटी किंवा ट्रक येताना तिथे राहायचे नसते, कारण जवळून गेलेल्या मोठ्या गाडीची हवा हँडल हलवते. म्हणजे कायमची जागा अशी नसतेच. मी सवयीने कडेला सरकत राहिले की मागे बसलेले सर म्हणत, ‘ताई, रस्ता तुमना बी शे.’ अहिराणीतले हे एक वाक्य, म्हणजे ‘रस्ता तुमचाही आहे’, दहा दिवसांत मी किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद नाही.

सगळ्यात जास्त वेळ उजव्या वळणावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. खान्देशातील कोणत्याही चौफुलीवर उभे राहून पाहिले तर बहुतेक दुचाकीस्वार अगदी डाव्या कडेवरून थेट तिरके उजवीकडे निघतात आणि मागून येणाऱ्याने सांभाळून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतात. मीही तेच करत आले होते. सरांचा क्रम असा: आधी आरसा, मग इंडिकेटर, मग उजव्या खांद्यावरून मागे एक नजर, आणि त्यानंतरच हळूहळू मध्यरेषेच्या अलीकडच्या पट्ट्यात सरकणे, हे सर्व वळणाच्या बरेच आधी. समोरची वाहने जाऊ द्यायची, कोपरा कापायचा नाही, आणि आत शिरताना त्या रस्त्याच्या डाव्या बाजूलाच शिरायचे. मध्यरेषा तुटक असेल तर रस्ता मोकळा पाहून ती ओलांडता येते, सलग असेल तर नाही, हेही तिथेच घोकून झाले. डावे वळण दोन वाक्यांत संपले: डावीकडेच राहायचे आणि वळताना रुंद जायचे नाही.

आठव्या दिवशी आम्ही चोपडा रस्त्याला लागलो. पुढे केळीच्या घडांनी भरलेला ट्रक होता आणि मी त्याच्या मागच्या फाळक्याच्या अगदी मधोमध चालले होते. सरांनी विचारले, ‘ड्रायव्हरचा आरसा दिसतो का?’ दिसत नव्हता. ‘मग तुम्ही पण त्याला दिसत नाही.’ मी थोडी उजवीकडे आणि बरीच मागे आले, तेव्हा आरशात चालकाचा चेहरा दिसला. ताशी ४० किलोमीटर वेगात दर सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापले जाते, म्हणून पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे, म्हणजे २२ मीटरच्या आसपास अंतर हवे, हा हिशेब त्यांनी मला चालत्या गाडीवर तोंडी करायला लावला. मी गणिताची शिक्षिका आहे हे त्यांना माहीत नसावे.

आता तक्रारी. सकाळी सहाची वेळ सांगितली होती. गाडी साडेसहाच्या आत एकदाही आली नाही. मे महिन्यात जळगावात आठनंतर हेल्मेट डोक्यावर ठेवणे ही शिक्षाच असते, त्यामुळे हा अर्धा तास लहान नव्हता. वर्गाची हेल्मेट घामट आणि सैल आहेत, स्वतःचे न्यावे. सर्वांत न पटलेली गोष्ट म्हणजे, जागा बदलण्याआधी आरसा पाहा असे दिवसभर सांगणाऱ्या वर्गाच्या मोटरसायकलचा उजवा आरसा सैल होता आणि ताशी ३० च्या पुढे वाऱ्याने फिरून मला माझेच कोपर दाखवत होता. तीनदा सांगूनही तो नवव्या दिवशी घट्ट झाला. रात्रीचा सराव तर मुळीच नाही, आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपल्यावर चाक कुठे ठेवायचे हे मला अजूनही धडपणे कळत नाही.

शिकाऊ लायसन्सला ३० दिवस पूर्ण झाल्यावर मी चाचणी दिली. आठचा आकडा झाला, त्यानंतर छोटी फेरी झाली. फेरीतील उजव्या वळणाला माझी नजर आपोआप खांद्यावरून मागे गेली. मागे एक रिक्षा होती, ती जाऊ दिली आणि मग सरकले. पास झाले. माझ्या आधीच्या तरुणाने आठचा आकडा माझ्यापेक्षा कितीतरी देखणा काढला होता, पण वळणाला तो कडेवरून तिरका निघाला आणि त्याला सात दिवसांनी पुन्हा यायला सांगितले गेले.

फक्त आठचा आकडा हवा असेल तर निम्म्या पैशांत शिकवणारे पुष्कळ आहेत. रोज महामार्गावरून किंवा तापीकाठच्या अरुंद रस्त्यांवरून जाणाऱ्यांनी, विशेषतः स्कूटरवरून मोटरसायकलकडे वळणाऱ्यांनी, असे फक्कीचे पट्टे पाडून शिकवणारा वर्ग शोधावा. जाताना पिशवीत आपले हेल्मेट, पाण्याची बाटली आणि आरशाच्या नटासाठी चौदा नंबरचा पाना असू द्यावा.