एस्टीमची बॅटरी डिकीत: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझी मारुती एस्टीम २००४ ची. गेल्या दिवाळीनंतर तिची बॅटरी बोनेटखालून काढून डिकीत बसवली. एक थंडी, एक मे महिना आणि बराचसा पावसाळा त्यावर गेला, म्हणून आता लिहितोय. हे काम करायच्या विचारात असलेले लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो बॅटरी कुठली घेतली याचा. बॅटरी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. सगळा जीव आहे तो मागून पुढे येणाऱ्या वायरमध्ये.

हलवायचं कारण साधं होतं. बॅटरीखालचा पत्रा आम्लाने खाऊन त्याची चाळणी झाली होती. शिवाय नाशिकच्या द्वारका ते मुंबई नाका या रोजच्या गर्दीत बोनेटखाली जी भट्टी पेटते, तिच्यात माझ्या आधीच्या दोन बॅटऱ्या दोन वर्षंही टिकल्या नाहीत. उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब धरतात.

वजन मागे गेल्यावर गाडी वळणात चांगली बसते, असंही ऐकलं होतं. त्याचा हिशेब मी मांडून पाहिला. साडेदहा किलोची बॅटरी जवळपास पावणेतीन मीटर मागे गेली आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३६५ मिलिमीटर, म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार साधारण १२ किलोने कमी. त्यात जाड तांब्याच्या वायरचे तीनेक किलो नव्याने वाढले. कसाऱ्याच्या घाटात मला तरी काही फरक जाणवला नाही. फक्त वळणांसाठी हे काम कोणी करू नये.

पहिल्यांदा ज्या दुकानात काम करून घेतलं, तिथे एका दिवसात गाडी हातात मिळाली. २५ स्क्वेअर एमएमची लाल वायर कार्पेटखालून पुढे आणलेली, फ्यूज नाही, आणि निगेटिव्ह डिकीच्या रंगवलेल्या पत्र्यात एका स्क्रूने आवळलेला. गाडी सुरू होत होती, त्यामुळे महिनाभर मी निर्धास्त होतो. मग डिसेंबरात थंडी उतरली. निफाडकडे पारा खाली गेला की नाशिकही गारठतं. सकाळी सातला सेल्फ जड फिरायला लागला आणि मी बॅटरीला दोष देत बसलो.

बॅटरी चार्ज करून पाहिली, तरी तेच. मग मीटर घेतला. इंधनपंपाचा फ्यूज काढला, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसता सेल्फ फिरतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या जाड नटवर, आणि बायकोला चावी फिरवायला सांगितली. आकडा आला ०.९ व्होल्ट. तसंच इंजिनाच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, तर ०.६. बॅटरीवर १०.४ व्होल्ट असताना सेल्फला मिळत होते जेमतेम ८.९. दीड व्होल्ट वाटेतच जळत होता! ही तपासणी प्रत्येकाने करावी. मीटर तीनचारशे रुपयांत मिळतो आणि वायर जोडलेली नुसती पाहून यातलं काहीच कळत नाही.

वायरचं टोक सोलून चाकूने खरवडलं तर आतून पांढरं निघालं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ती वायर वीज बरीच कमी वाहते. मला राग आला तो पैशांचा नाही. फ्यूज नसलेली ती वायर माझ्या मुलीच्या सीटखालून जात होती. इन्सुलेशन पत्र्याच्या धारेवर घासून फाटलं असतं, तर शेकडो अँपिअर थेट बॉडीत उतरले असते, आणि वायर लाल होऊन कार्पेट पेटायला काही सेकंद पुरतात. त्या रात्री मी बॅटरीच्या वायरी सोडवून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं काम स्वतः नव्याने केलं.

अंबडच्या हार्डवेअरच्या दुकानातून ५० स्क्वेअर एमएमची, शुद्ध तांब्याची, एचओएफआर वेल्डिंग केबल सहा मीटर आणली. हिचं आवरण उष्णता, तेल आणि आग यांना दाद देत नाही, आणि तार बारीक असल्याने ती छान वळते. ५० चं तांबं मीटरला ०.३९ मिलिओहम, २५ चं त्याच्या दुप्पट. पाच मीटरच्या वाटेत हा फरक पुरेपूर दिसतो. लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारी भोकाची टोकं, हातोडीने ठोकून न बसवता हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतले. दाबायचे पन्नास रुपये लगामागे पडले आणि ते सार्थकी लागले. बॅटरीपासून वीतभर अंतरावर २५० अँपिअरचा एएनएल (जाड करंटसाठीचा, बोल्टने आवळायचा) फ्यूज घातला. फ्यूज पुढे, सेल्फजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला संरक्षणच राहत नाही. केबल कॉरुगेटेड पाइपात घालून, पेट्रोलची नळी आणि सायलेन्सर यांच्यापासून लांबून नेली. पत्र्यातून जिथे जिथे जाते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारी रबरी कडी.

अर्थिंगकडे सगळेच दुर्लक्ष करतात. बॅटरी पुढे असताना तिचा मायनस थेट गिअरबॉक्सला जोडलेला असतो. ती मागे नेली की सेल्फचा सगळा करंट इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या बारक्या पट्टीतून परत येऊ पाहतो. तिथे वाट अपुरी पडली तर तो क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि त्या केबली तापतात. मी डिकीत रंग खरवडून जाड पत्र्याला नटबोल्टने मायनस आवळला आणि पुढे इंजिनपासून चॅसिसपर्यंत ५० ची दुसरी पट्टी घातली. आता प्लसकडे ०.३५ आणि मायनसकडे ०.१५ व्होल्ट. गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, जानेवारीतही झाली.

डिकी आणि आतली सीट यांच्यात एस्टीममध्ये हवाबंद भिंत नाही. साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. म्हणून एजीएम बॅटरी (हिच्यात आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) घेतली, ती झाकणाच्या डब्यात ठेवली आणि डब्याची नळी फ्लोअरमधून खाली सोडली. एजीएमलाही व्हॉल्व्ह असतो आणि जास्त चार्ज झाली तर ती वायू सोडतेच, त्यामुळे नळी टाळू नका. डबा आठच्या बोल्टांनी, खालून लोखंडी पट्टी देऊन बांधला आहे. सिंहस्थाच्या तयारीसाठी उकरलेल्या रस्त्यांवरून रोज जातो, अजून तरी काही सैल झालेलं नाही.

मेमध्ये गर्दीतून घरी आल्यावर बॅटरीचं अंग मोजलं: ४३ अंश. पूर्वी बोनेटखाली त्याच वेळी ६२ असायचं. हा फायदा खरा. जुलैत इगतपुरीच्या पावसात मात्र नळीच्या भोकातून पाणी वर आलं आणि डिकीचं कार्पेट भिजलं. पीयू सीलंट लावून, नळीचं तोंड मागच्या दिशेला वळवल्यापासून कोरडं आहे.

खर्च दोन्ही वेळचा मिळून साडेचौदा हजार, त्यात बॅटरीचे साडेसहा. पहिल्यांदाच नीट केलं असतं तर चार हजार वाचले असते.

बीएमडब्ल्यूच्या ई-४६ थ्री सिरीजमध्ये बॅटरी कारखान्यातूनच डिकीत असते. तिथे टर्मिनलवर छोटा स्फोटक भरलेला असतो. अपघातात एअरबॅगच्या यंत्रणेकडून इशारा मिळाला की तो सेल्फची जाड वायर बॅटरीपासून तोडून टाकतो. त्या लांब वायरची त्यांना किती काळजी आहे, हे त्यावरून कळतं. माझ्या गाडीत तशी सोय नाही, म्हणून एएनएलच्या शेजारी हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवला आहे. इंजिन चालू असताना तो बंद केला तरी अल्टरनेटरवर इंजिन चालूच राहू शकतं, हे ध्यानात ठेवा. आधी चावी बंद.

बोनेटखाली जुन्या जागी प्लसच्या वायरला जोडलेला लाल टोपीचा एक बोल्ट बसवून ठेवला आहे, धक्का न मारता दुसऱ्या गाडीवरून जंप देता यावं म्हणून. त्याच्या शेजारी पिवळं स्टिकर: "बॅटरी डिकीत आहे. काम सुरू करण्याआधी मागचा मायनस काढा."