खड्डा नव्हे, फ्लश गळत होता: घरच्या दुरुस्तीनंतरचे आठ महिने

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी इतकं खारं की तोंडात धरवत नाही. प्यायला शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी येतं, तेही रोज नाही. संडासाला आणि भांड्यांना बोअरचंच. हे आधीच सांगून ठेवते, कारण या आठ महिन्यांत जे काही बिघडलं त्यातलं निम्मं या पाण्याच्या पायी.

शौचालय आम्ही २०१६ मध्ये बांधलं, स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांच्या अनुदानात घरचे पैसे घालून. मागे दोन शोषखड्डे, आत साधं उताराचं भांडं. डबाभर पाणी टाकलं की काम व्हायचं. पुढे सासूबाईंचे गुडघे गेले, उकिडवं बसणं होईना, म्हणून कमोड आला आणि त्याच्या वर भिंतीवर प्लास्टिकची दोन बटणांची फ्लशची टाकी. खड्डे तेच राहिले. दीड-दोन लिटर पाण्याच्या हिशोबाने बांधलेल्या खड्ड्यांत आपण आता दर वेळी सहा लिटर सोडणार, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मिस्तऱ्याच्याही नाही.

गेल्या मे महिन्यात कमोडचं पाणी उतरेना. गुडगुड आवाज करत वर यायचं, मग दहा मिनिटांनी खाली जायचं. शेजारचे आबाजी येऊन पाहून गेले. "खड्डा भरला तुमचा. उपसाच लागते आता." उपसणाऱ्या गाडीचा भाव विचारला तर दोन हजारांच्या वर. एक मिस्तरी ओळखीचा होता, तो रोज फोनवर "उद्या येतो म्हन्लं ना ताई" म्हणायचा. असे पंधरा उद्या गेले.

खरं कारण सापडलं ते लाईट गेल्यामुळे. रात्री दोनच्या सुमाराला लाईन गेली, कूलर आणि पंखे बंद पडले. आमच्याकडे मे महिन्यात कूलर बंद पडला की घरातला प्रत्येक आवाज ऐकू येतो. संडासातून बारीक झिरझिर येत होती. मोबाईलची बॅटरी लावून टाकीचं झाकण काढून बसले, तर सासूबाई दारात.

"काय करून राह्यली वं रातच्या दोन वाजता संडासात?"

"आई, पाणी झिरपून राह्यलं. आयका."

"खड्डा भरला त झिरपनच ना."

खड्डा भरल्याने टाकीतून कसं झिरपेल, हा प्रश्न मी त्या वेळी विचारला नाही. पण झोप उडाली होती.

सकाळी टाकीत कपड्यांच्या निळीचे पाच-सहा थेंब टाकले आणि अर्धा तास कोणालाही आत जाऊ दिलं नाही. (आधी हळद टाकून पाहिली होती. ती नीट विरघळत नाही, तळाशी बसते. नीळच घ्या.) बटण न दाबता कमोडात निळं पाणी उतरलं. म्हणजे टाकी गळत होती. आता कुठून, ते कळायला हवं होतं. टाकीतून पाणी गुपचूप कमोडात जायच्या वाटा दोनच असतात. एक, तळाशी जिथून फ्लशचं पाणी सुटतं तिथला रबरी सील नीट बसत नाही. दोन, नळाकडचा व्हॉल्व्ह बंदच होत नाही, पाणी चढत जातं आणि आतल्या उभ्या नळीच्या तोंडातून सांडतं. ती नळी टाकी भरून बाहेर वाहू नये म्हणूनच असते. त्यामुळे फरशीवर थेंब दिसत नाही आणि आपण निवांत राहतो.

ओळखायला पेन्सिल पुरते. टाकी भरू द्यायची, पाण्याच्या रेघेवर खूण करायची, खालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा भिंतीतला नळ, बंद करायचा आणि थांबायचं. पाणी नळीच्या तोंडापर्यंत येऊन थांबलं तर दोष येणाऱ्या व्हॉल्व्हचा. त्याच्याही खाली उतरत गेलं तर सीलचा. आमच्याकडे दोन तासांत टाकी तळाला लागली. सहा लिटर दोन तासांत, म्हणजे तासाला तीन, म्हणजे दिवसाला ७२ लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. आमच्या घरात एक अख्खा जास्तीचा माणूस राहत होता म्हणा ना, आणि तो फक्त संडासात पाणी ओतत होता.

ते ७२ लिटर जात कुठे होते, तर खड्ड्यात. आमची माती काळी कसदार. पावसाळ्यातली ओल धरून ठेवते म्हणून नुसत्या ओलाव्यावर हरभरा येतो. पण पाणी धरून ठेवणारी माती शोषखड्ड्याच्या काय कामाची? ओली झाली की फुगते आणि पाणी पुढे जाऊ देत नाही. मुरमाड जमिनीतला खड्डा हे गळणं वर्षानुवर्षं गिळत राहिला असता आणि घरच्यांना पत्ताही लागला नसता.

मागच्या चेंबरचं झाकण उघडलं तेव्हा आणखी एक भानगड निघाली. दोन खड्ड्यांपैकी एकाचं तोंड बंद ठेवायचं असतं. पहिला भरला की दुसरा सुरू करायचा, पहिल्याला सुकायला वेळ द्यायचा. बांधणाऱ्याने दोन्ही तोंडं उघडीच ठेवली होती. नऊ वर्षं. विटेचा तुकडा आणि थोडं सिमेंट, एवढंच काम होतं ते.

दुरुस्तीकडे येते. ह्यांनी विचारलं, "तुले जमन का?" मी म्हटलं, "नाई जमलं त डबा हायच."

पहिल्या दिवशी एक पैसाही खर्च केला नाही. अँगल कॉक बंद, टाकी रिकामी, मधला उभा भाग पाव वळण फिरवून वर काढला. सगळ्या टाक्यांना हे असंच निघेल असं नाही, पण भिंतीवरच्या प्लास्टिकच्या टाक्यांत बहुधा निघतं. जोर लावावा लागला तर समजायचं, उलटीकडे फिरवतो आहोत. तळाचा रबरी सील काढला तर त्याच्यावर खाराचा पांढरा थर आणि एका जागी खाच. सील धुऊन उलटा करून बसवला. गळणं थांबलं! मी दोन दिवस घरात फुशारक्या मारल्या. बाराव्या दिवशी पुन्हा झिरझिर. उलटा सील म्हणजे सामान आणायला मिळालेली सवड, एवढंच समजा.

दर्यापूरला बाजाराच्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, पुरी टाकीच बदलून टाका ना, कायले झंझट." नुसता सील त्याच्याकडे सुटा नव्हता. शेवटी आतलं पूर्ण सामान, म्हणजे फ्लशचा भाग आणि येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह, साडेचारशे रुपयांत घेतलं. जुना काढलेला भाग पिशवीत नेला होता ते बरं झालं. मापं सारखी दिसतात, पण नसतात. तळाचं भोक किती आणि नळाची जोडणी बाजूने आहे की खालून, हे तोंडी सांगून भागत नाही.

बसवताना माझ्याकडून दोन चुका झाल्या. पहिली, तो भाग टाकीला धरून ठेवणारा प्लास्टिकचा नट, चेकनट म्हणतात तो, पाना लावून आवळला. हाताने घट्ट आणि वर अगदी थोडं, एवढंच लागतं. पाणी अडवायचं काम सपाट वायसर करतो, आट्या नाही. मला वाटलं जितकं घट्ट तितकं चांगलं. आट्यांना केसाएवढी चीर गेली आणि थेंब थेंब सुरू. त्यावर एमसील थापलं, दुसऱ्या दिवशी ते पापडासारखं सुटून हातात आलं. ओल्या प्लास्टिकवर ते धरत नाही. वर टेफ्लॉन टेपचे दहा वेढे दिले, त्यानेही काही झालं नाही. तो भाग पुन्हा विकत आणला, १६० रुपये गेले.

दुसरी चूक खरं तर चूक नव्हे, अज्ञान. किटमधला येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह नव्या बुटक्या पद्धतीचा होता, आत पातळ पडदा असतो तो. दिसायला सुबक. पण आमची पाण्याची टाकी स्लॅबवर, फ्लशपासून जेमतेम सात-आठ फूट उंच. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, आमचा पाव बारही भरत नाही. त्या व्हॉल्व्हने फ्लश भरायला अकरा मिनिटं लागायची आणि शेवटी तो पुरता बंदही व्हायचा नाही. म्हणून मी दुसरी खेप केली तेव्हा जुन्या पद्धतीचा, लांब दांडीला गोळा असलेला बॉल कॉक आणला. पाणी चार मिनिटांत भरतं आणि गोळा वर आला की खाडकन बंद. खेड्यात स्लॅबवरच्या टाकीचं पाणी असेल तर गोळ्याचाच घ्या, कोणी कितीही जुनाट म्हणो. गोळ्याची उंची अशी ठेवली आहे की पाणी उभ्या नळीच्या तोंडापासून एक इंच खाली थांबतं.

हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यातलं. आता फेब्रुवारी आहे, हरभरा सोंगणीला आलाय.

जून-जुलै छान गेले. खड्ड्याचं पाणी तीन आठवड्यांत उतरलं. उपसणारा बोलवायची गरज पडली नाही. श्रावणात झड लागली तेव्हा दोन दिवस कमोड पुन्हा हळू झाला होता, ते मान्य करते. सगळं शिवारच चिबडलं होतं, खड्डा तरी कुठे शोषणार? उघडीप पडली तसा सुटला.

ऑगस्टमध्ये टाकी भरायला पुन्हा वेळ लागायला लागला. मी बॉल कॉकलाच शिव्या घातल्या. पण नळी सोडवून पाहिली तर तोंडाशी जी लहानशी जाळी असते ती गाळाने बुजली होती. आमच्या बोअरला पावसाळ्यात रेती येते. जुन्या दातांच्या ब्रशने घासली, पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी घासते.

दिवाळीच्या तोंडावर नीळ टाकून परत पाहिलं तर कमोडात फिकट निळी रेघ. पोटात गोळाच आला. सील काढला, चिरलेला नव्हता, नुसता खार बसला होता. कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी नव्यासारखा. सील जिथे टेकतो ती कडसुद्धा त्याच पाण्याने पुसली, कारण खार दोन्हीकडे असतो आणि नुसता रबर साफ करून भागत नाही. गोड्या पाण्याच्या गावात हे वर्ष-दोन वर्षं करावं लागणार नाही. आमच्याकडे चार-पाच महिन्यांची पाळी धरून चाला.

याच दिवाळीत पुतण्याने टाकीत टाकायची निळी वडी आणून टाकली, वास चांगला येतो म्हणून. मी ती बाहेर काढली. क्लोरीनच्या वड्या टाकीत राहिल्या की रबर कडक होऊन तडकतो. कमोड घासायचं अ‍ॅसिडही टाकीत ओतू नये. आणि पाणी वाचवायला टाकीत वाळूची बाटली ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो मीही केला. बाटली सरकून गोळ्याच्या दांडीखाली अडकली आणि दांडी खाली जाईना. त्यापेक्षा लहान बटण दाबायची सवय घरात लावा. त्याला तीनच लिटर लागतात. आमच्याकडे ती सवय सासूबाई सोडून सगळ्यांना लागली. त्या दोन्ही बटणं एकदम दाबतात.

नावं ठेवायची तर बटणाला ठेवीन. किटमध्ये बटणाखालची स्प्रिंग लोखंडाची आहे, वर नुसता मुलामा. जानेवारीत ती गंजून अडकली आणि बटण दाबलेलंच राहिलं. सकाळी उठून पाहते तर रात्रभर पाणी वाहून स्लॅबवरची टाकी रिकामी. एवढं सगळं केल्यावर हे पाहून रडूच आलं. सध्या स्प्रिंगला खोबरेल तेल लावून काम चालू आहे. घेताना चुंबक लावून पाहायला हवा होता, चिकटला की लोखंड. खारपाणपट्ट्यात आत जितकं प्लास्टिक आणि पितळ तितकं बरं.

एकूण खर्च: किट ४५०, फुटलेला भाग १६०, बॉल कॉक १८०, लिंबूसत्त्व आणि टेप धरून आठशेच्या वर थोडा. दर्यापूरच्या दोन खेपांचं भाडं वेगळं. एक जादा सील मिळाला तो मसाल्याच्या रिकाम्या डब्यात घालून ठेवलाय, कारण नेमका लागतो तेव्हा दुकानात नसतो.

आता अँगल कॉक फिरेनासा झालाय. अर्ध्यावर येऊन घट्ट बसतो, खारच असणार. त्याच्यासाठी स्लॅबवरची टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल, म्हणून ती धुवायचा दिवस येईपर्यंत थांबलेय. सासूबाईंनी मात्र भरलेली बादली आणि डबा कमोडच्या बाजूला अजून तसाच ठेवलाय. हलवू देत नाहीत.