पलंग घरचा की भाड्याचा?

पक्षाघातानंतर दीड महिन्याने यजमान घरी यायचे ठरले, तेव्हा त्यांना आमच्या सागवानी पलंगावर निजवावे की रुग्णालयात असते तशी खाट भाड्याने आणावी, हा प्रश्न होता. ओढ त्यांना घरच्या पलंगाची होती. परंतु तो बुटका असल्याने पडून राहून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलताना माझी कंबर धरली असती, आणि नळीतून पातळ आहार देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवण्यासाठी उशांची उतरंड रचावी लागली असती, जी हमखास घसरते. भाड्याच्या खाटेचा दांडा फिरवला की पाठ उचलली जाते, शिवाय कठडे असतात. मात्र ती दिवाणखान्यातच मावते. हवेची गादी दोन्हींवर घालता येते, पण कूस बदलणे चुकत नाही. मी खाट आणली आणि शेजारी माझी सतरंजी अंथरली.