जुन्या आयडीई हार्ड डिस्क आणि साडेनऊशेचा अडॅप्टर: आठ महिन्यांनंतर

बाबांनी मिरजेतलं डीटीपीचं दुकान बंद केलं तेव्हा मशिनं भंगारात गेली. हार्ड डिस्क मात्र त्यांनी काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. 40 जीबीची एक आणि 80 च्या दोन, या आयडीई, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलने जोडायच्या जुन्या पद्धतीच्या; आणि शेवटच्या काळातली 320 जीबीची साटा, म्हणजे बारीक केबलच्या नव्या पद्धतीची. गेल्या दिवाळीत घरी नवा पीसी आला तेव्हा त्या खाली उतरल्या.

नव्या मदरबोर्डवर आयडीईची रुंद, 40 पिनांची जागा नसते. इंटेलने तर 2006 च्या चिपसेटपासूनच ती सोय काढली. म्हणून यूएसबीचा अडॅप्टर मागवला, 950 रुपयांना. एका ठोकळ्याला तीन तोंडं: मोठी आयडीई, लॅपटॉपची 44 पिनांची बारकी आयडीई आणि साटा. सोबत पॉवरचा वेगळा ब्रिक. तो लागतोच, कारण साडेतीन इंची डिस्कची मोटर 12 व्होल्टवर फिरते आणि साध्या यूएसबीतून 5 च मिळतात.

साटावाली लावली, दोन मिनिटांत दिसली. तिच्याबद्दल एवढंच.

80 जीबीतली एक फिरत होती, पण विंडोजला दिसेना. दुकानात ती दुसरी डिस्क म्हणून लावलेली, म्हणजे जम्पर (पिनांवर बसवायची बारकी टोपी) स्लेव्हवर, दुय्यम डिस्कच्या जागी; मुख्य डिस्कची जागा ती मास्टर. भुवयांच्या चिमट्याने तो मास्टरवर सरकवला आणि डिस्क आली. कुठल्या पिना ते डिस्कच्या लेबलवरच छापलेलं असतं, ते आधी वाचा. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच आयडीई डिस्कवर एकट्या डिस्कसाठी जम्पर काढूनच ठेवायचा असतो. केबल उलटी बसू नये म्हणून मधली एक पिन गाळलेली असते, तरी जोर लावू नका. पिना वाकल्या की सरळ करताना तुटतात.

वेगाची अपेक्षा ठेवू नका. मोठ्या फाइलींना सेकंदाला 30 एमबीच्या आसपास, म्हणजे भरलेल्या 80 जीबीला पाऊण तास. बारक्या फाइली असल्या की तोही गेला. यूएसबी 3 च्या पोर्टला लावून काही फरक पडला नाही, डिस्कच म्हातारी.

एक्सपीतले 'डॉक्युमेंट्स'चे फोल्डर उघडताना परवानगी नाही असा निरोप येतो. 'कंटिन्यू' दाबलं की विंडोज त्या जुन्या डिस्कवरच्या परवानग्या बदलत बसतं. मला ते नको होतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आणि सगळं उचललं.

आता तक्रार. पाचव्या महिन्यात 40 जीबीची टक्-टक् करायला लागली आणि विंडोज विचारायला लागलं, फॉरमॅट करू का? (या प्रश्नाला कधीही हो म्हणू नका.) मी घाबरले. दुरुस्तीवाल्याने नुसता आवाज ऐकून हेड (डिस्क वाचणारा भाग) गेलं म्हणून सांगितलं आणि डेटा काढायचे बारा हजार. बाबा म्हणाले, "राहू दे गं, ठेव परत माळ्यावर."

शेजारच्या काकांचा मल्टिमीटर आणला. ब्रिकच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत डिस्कशिवाय बरोबर 12 व्होल्ट, आणि डिस्क फिरायला लागली की 10 च्या खाली. सुरुवातीच्या फिरकीला अशी डिस्क दोनेक अँपिअर ओढते, ब्रिकला तेवढं झेपेना. मग जुन्या कॅबिनेटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, काढला, प्लग काढलेला असताना त्याची हिरवी तार काळीशी जोडली, म्हणजे तो मदरबोर्डशिवाय सुरू होतो, आणि त्यावर डिस्क लावली. टक्-टक् बंद. बारा हजार वाचले. अडॅप्टरचा ठोकळा आजही व्यवस्थित आहे, पण सोबतच्या ब्रिकला मी पैसे देणार नाही. घ्यायचाच तर 12 व्होल्टला 2 अँपिअर लिहिलेला बघून घ्या, आणि लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका.

डेटा आला, पण वाचता येईना. दुकानात सगळं काम श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. युनिकोड (फोनवर, नेटवर सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाही, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. फॉन्ट नसला की नुसती चिन्हांची खिचडी. फॉन्ट कुठून आणायचे याची दोन दिवस शोधाशोध केली, आणि ते निघाले त्याच डिस्कवर, जुन्या विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये. कॉपी करून बसवले आणि पहिली पत्रिका उघडली: आमचे येथे श्रीकृपेकरून. बाबा खुर्ची ओढून बसले. "ही खाली जा. नाही, ही नव्हे, सोनेरी बॉर्डरवाली."

आता त्यांना तो मजकूर फोनवर हवाय, म्हणजे युनिकोडमध्ये. कन्व्हर्टर बरंचसं करतो, पण माझ्याकडच्या फाइलींत रफार हमखास शेजारच्या अक्षरावर बसवतो. मी रोज रात्री ते एकेक हाताने सरकवतेय. दोनशे पत्रिका झाल्या, अजून बारशाचं फोल्डर उघडलेलंच नाही.